उत्तरा नक्षत्र लागलं की निघ

तुझा मेसेज वाचला. जपानमधल्या खेड्याचा तो व्हिडिओही बघितला. नदीकाठी चेरीची गुलाबी-पांढरी झाडं, पाण्यावर पाकळ्यांचा थर, लाकडी घरं आणि अंगण झाडणारी एक म्हातारी. खाली तू लिहिलंयस, ‘ताई, आयुष्यात एकदा तरी!’ जा की. पासपोर्ट काढ, पैसे साठव, मी आड येणार नाही. पण तोवर हात बांधून बसायचं काय कारण? तू कोल्हापूरची पोरगी. तासाभरावर मसाई पठार, तीन-साडेतीन तासांवर साताऱ्याचं कास. एवढं जवळ असून तू अजून एकाही पठारावर हंगामात गेलेली नाहीस, आणि तीन मैत्रिणींना घेऊन सप्टेंबरात जायचं म्हणतेस. फार छान. आता मी काय सांगते ते नीट ऐक, कारण यातलं बरंचसं तुला कुठल्या रीलमध्ये सापडणार नाही.

पहिली गोष्ट. जपानमध्ये फुलं डोक्यावर असतात, आपल्याकडे पायाखाली. बाकीचा सगळा फरक यातूनच निघतो. तिथले लोक फुललेल्या झाडाखाली चटया अंथरतात, डबे उघडतात, दुपारभर गप्पा मारत बसतात. ती त्यांची जुनी रीत आहे आणि त्यांच्याकडे ती शोभते. पठारावर तू चटई अंथरलीस तर ती थेट फुलांवरच पडेल. पाय टाकायचा तर बघून टाकायचा, बसायचं तर उघडा कातळ शोधून बसायचं. तिकडची सहल जशीच्या तशी उचलून इकडे आणता येत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. जपानमधली चेरीची बहुतेक नावाजलेली झाडं सोमेई योशिनो या एकाच जातीची आहेत. माणसाने कलमं करून वाढवलेली, म्हणजे एकाच झाडाचा सगळा विस्तार. म्हणून एका गावातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदम रिकामी होतात. टोकियोत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात एक झाड नेमून ठेवलंय. त्याच्यावर पाच-सहा फुलं उमलली की तिथलं हवामान खातं बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. मग तो बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. मार्चअखेरीला टोकियो-क्योटो, एप्रिलच्या उत्तरार्धात पार वर हिरोसाकी. त्या अंदाजावर लोक विमानाची तिकिटं काढतात.

आपल्या पठारावर कुणी काही लावलेलं नाही. एकट्या कासवर साडेआठशेच्या वर जातींच्या वनस्पतींची नोंद आहे आणि प्रत्येकीची पाळी वेगळी. जूनच्या सरी पडल्या की आमरी वर येते, जुलैत चवर. मग पांढऱ्या बटणांसारखे गेंद, ओल्या जागी निळी-जांभळी सीतेची आसवं, त्यांच्या मागोमाग गुलाबी तेरडा, आणि पाऊस ओसरायला लागला की पिवळी सोनकी नि कवळा. टोपली कारवीला तर सात वर्षांनी एकदा मोठा बहर येतो. म्हणजे ‘फुलं आली का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘आत्ता कोण आलंय?’ असं विचार. आज गेलेल्या मैत्रिणीला जे दिसलं ते तुला पुढच्या आठवड्यात दिसेलच असं नाही. तिने न बघितलेलं काहीतरी तुला दिसेल.

मग जायचं कधी? आपण बायका सगळा हिशोब सणांवर करतो. गौरी गेल्या की बघू, घट बसायच्या आत उरकू. आणि पंचगंगेच्या घाटावरून आपण वाजतगाजत आणतो ती गौर तेरड्याच्या डहाळीचीच असते, त्यामुळे गौरी आल्या म्हणजे पठार फुललं असं आपल्याला वाटतं. पण सण तिथीवर चालतात आणि फुलं पावसावर. 2023 ला अधिक श्रावण होता, गणपती 19 सप्टेंबरला बसले. 2025 ला 27 ऑगस्टलाच. तीन आठवड्यांचा फरक. पठाराला त्याचं काही देणंघेणं नाही.

त्यापेक्षा आजोबांचा हिशोब धर. शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच असतात. पूर्वा ऑगस्टच्या शेवटी लागतं, उत्तरा साधारण 13 सप्टेंबरला, हस्त 27 च्या आसपास. पूर्वात अजून धो धो पाऊस आणि धुकं असतं. हस्त उलटून गेलं की गवत पिवळं पडायला लागतं. मधलं उत्तरा धर. त्यातही पावसाची सलग झड थांबून दोन-चार दिवस ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की निघ. अशा दिवसांत सोनकी आणि तेरडा दोन्ही एकदम सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून माझं ऐक, एक तारीख ठरवू नकोस. तीन मोकळे दिवस मनात ठेव आणि आदल्या रात्री त्यातला एक पक्का कर. ऑफिसातून सुट्टी काढायची असेल तर ‘या आठवड्यात एक दिवस लागेल’ असं आधीच सांगून ठेव. फुलं तुझ्या सुट्टीप्रमाणे फुलणार नाहीत, तेव्हा वाकायचं ते आपणच.

आणि रविवार नको, हात जोडते. कासवर रविवारी जी गर्दी असते तिला जत्रा म्हणणं हा जत्रेचा अपमान आहे. जत्रेत निदान देवाकडे जायची रांग असते. मंगळवार-बुधवार बघ, सकाळी आठच्या आत वर पोच. त्या वेळी दव असतं, ऊन तिरपं असतं आणि फुलांचे रंग खरे दिसतात. अकरानंतर ऊन चढलं की फोटो तर पांढरे येतातच, डोळ्यांनाही काही नीट दिसत नाही. धुकं उतरलं तर चिडू नकोस. थांब. पठारावर धुकं अर्ध्या तासात येतं आणि अर्ध्या तासात जातं.

आता कास की मसाई? कासचं नाव मोठं आहे आणि ते उगाच नाही. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यातल्या चार महाराष्ट्रात आहेत: कास, कोयना, चांदोली आणि आपल्या जिल्ह्यातलं राधानगरी. कासला जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी कर. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठरवलेली आहे. आसपासच्या गावांची संयुक्त समिती वनखात्याबरोबर ती व्यवस्था बघते आणि गावातलीच पोरं पठारावर शिट्टी घेऊन उभी असतात. त्यांनी शिट्टी मारली की मागे सर, वाद घालू नकोस. ती पोरं तिथे आहेत म्हणून फुलं आहेत.

गाडी नसेल तरी अडत नाही. मध्यवर्ती स्टँडवरून पुण्याची एसटी पकड, साताऱ्याला उतर. 2023 च्या मार्चपासून आपल्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते कशासाठी आहे? माहेरी आणि लग्नालाच जायला? साताऱ्याहून बामणोलीकडे जाणारी एसटी कासवरून जाते, यवतेश्वरचा घाट चढून पाऊणएक तासात वर. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेव. संध्याकाळची शेवटची गाडी गेली की मग तुमची वरात रस्त्यावर.

पण खरं सांगू? पहिल्यांदा जाणाऱ्या कोल्हापूरच्या मुलीला मी मसाईला पाठवीन. पन्हाळ्याच्या पुढे म्हाळुंग्यावरून वर चढलं की एकामागून एक पसरलेली सपाटी. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ते याच पठारावरून विशाळगडाकडे गेले. आजही पावसाळ्यात पावनखिंडीची पदभ्रमंती इथूनच जाते. वर मसाई देवीचं देऊळ आहे, पलीकडच्या कड्यात पांडवदरा नावाची कोरीव लेणी आहेत. कासइतका फुलांचा गालिचा एका नजरेत दिसणार नाही, पण तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं सगळी मंडळी इथेही हजर असतात. इथे रांग नाही, तिकीट खिडकी नाही, मागून ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणणारं कुणी नाही. एका फुलापाशी अर्धा तास बसलीस तरी कुणाची आडकाठी नाही.

दाजीपूरचं नाव कुणी काढलं तर नाही म्हण. ते राधानगरी अभयारण्यात येतं, तिथे सुंदर सडे आहेत हे खरं, पण पावसाळ्यात ते जंगल पर्यटकांना बंद असतं. ओळखीने, वशिल्याने, शंभराची नोट सरकवून आत जायचा शहाणपणा करू नकोस. बंद म्हणजे बंद.

आता जरा कानात सांगायच्या गोष्टी.

पाणी पी. लघवीला जायला जागा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता हिंडायचं ही आपल्या बायकांची जुनी खोड आहे, आणि तिची शिक्षा दुसऱ्या दिवशी मिळते. पन्हाळ्यावर, साताऱ्याच्या स्टँडवर, जिथे मिळेल तिथे आधी जाऊन ये. कासला हंगामात गाडीतळाजवळ सोय असते, फक्त रांग लावावी लागते. मसाईवर सोय नाही. एक जुनी गडद ओढणी पिशवीत ठेव. दोघींनी धरली की तिसरीची अडचण संपते. पाण्याच्या डबक्यापासून लांब जा, कागद तिथे टाकू नकोस. पाळीचे दिवस आले तरी जाणं रद्द करू नकोस. गोळी, जास्तीचे पॅड आणि वापरलेलं बांधून परत आणायला एक जाड पिशवी एवढं बरोबर असलं की झालं. देवळात जायचं का नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, मी काही सांगणार नाही.

पायात चप्पल नको, घसरणाऱ्या तळव्याचे पांढरे बूट तर मुळीच नकोत. ओला कातळ शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो. तळव्याला खाचा असलेले साधे बूट घाल, शाळेतले कॅनव्हासचे असले तरी चालतील. छत्री नेऊ नकोस. वारा ती उलटी करतो आणि तू फुलं बघायची सोडून छत्रीशीच झगडत बसतेस. रेनकोट घे. मोजे दोन जोड्या. अंगावर सलवार किंवा पँट, लोंबणारं काही नको, काटे आणि चिखल दोन्ही धरतात. आणि तो लांब पांढरा घोळदार फ्रॉक घरीच ठेव, मला माहीत आहे तू तो इस्त्री करायला टाकला असशील.

धुक्यात मसाईवर दिशा चुकते. सगळी सपाटी सारखीच दिसते आणि कडा अचानक येतो. म्हणून म्हाळुंग्यातल्या कुणाला तरी वाट दाखवायला बरोबर घे, आणि त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवून, घासाघीस न करता दे. मोबाइलला रेंज असेलच असं धरून चालू नकोस. किती वाजता परत येणार ते घरी एकीला तरी सांगून ठेव आणि ऊन उतरायच्या आत खाली या. बाटल्या घेऊन आलेलं एखादं टोळकं दिसलं तर शहाणपण शिकवत बसू नका. निमूटपणे वाट बदला आणि माणसांच्या जवळ राहा. यात भित्रेपणा नाही. आपला दिवस आपण का नासवून घ्यायचा?

आता सगळ्यात महत्त्वाचं, बघायचं कसं?

पठारावर पोचलीस की पहिली दहा मिनिटं तुझी निराशा होईल. व्हिडिओत दिसतो तसा क्षितिजापर्यंतचा रंग कॅमेरा जमिनीला टेकवून काढलेला असतो. उभं राहून बघितलं की हिरवं गवत दिसतं आणि त्यात मधे मधे ठिपके. तेव्हा उघड्या कातळावर गुडघे टेक. जमलं तर स्टेशनरीच्या दुकानातून साधं भिंग विकत घेऊन जा, फार पैसे पडत नाहीत. आणि एक हातभर जागा निवडून फक्त तेवढीच बघ.

कातळाच्या खळग्यात जिथे पाणी साचून नुसती ओल राहिलीय तिथे दवबिंदू सापडेल. वनस्पती अवघी बोटाच्या पेराएवढी, तांबूस. पानावर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब. सकाळी वाटतं दव आहे, पण दुपारी सगळीकडचं दव वाळलं तरी हे थेंब तसेच. कारण तो चिकट रस आहे. नीट बघ, एखाद्या पानावर चिलट चिकटलेलं असेल आणि पानाचे केस हळूहळू त्याच्यावर वाकलेले असतील. शेजारी ती निळी-जांभळी सीतेची आसवं. दिसायला किती नाजूक! पण मातीखाली त्यांना बारीक बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्यांत ओढले जातात. दोघीही मांसाहारी. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावाला हे समजावून सांगायला नको, पण त्यांना असं का करावं लागतं ते बघ. खाली जांभा दगड, वर इंच-दोन इंच माती, आणि चार महिन्यांच्या पावसात तिच्यातलं सत्त्व धुऊन गेलेलं. खायला काही मिळत नाही म्हणून त्यांनी किडे धरायची युक्ती शोधली.

मग कवळ्याचं फूल बघ. पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके, पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात. आणि गवतात एखादं कंदीलपुष्प सापडलं तर तुझ्यासारखी नशीबवान तूच. उभट नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला कंदील. बारीक माश्या वासाने आत शिरतात आणि नळीतले उलटे केस त्यांना बाहेर येऊ देत नाहीत. पुढे केस सुकले की माशी सुटते, अंगाला पराग घेऊन. हे सगळं तुझ्या बुटाच्या लांबीएवढ्या जागेत चाललेलं असतं. म्हणून म्हणते पाय जपून टाक. एक बूट चुकीच्या जागी पडला की एवढा सगळा संसार चिरडतो, आणि तो पाऊस संपायच्या आत पुन्हा उभा राहत नाही. ज्याचं बी धरायच्या आधी फूल मोडलं त्याचं पुढच्या वर्षीचंही गेलं.

जायच्या आधी एक दुपार शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात घालव. घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात काम केलेले प्रा. श्रीरंग यादव यांचं कंदीलपुष्पांवरचं काम मोठं आहे. प्रा. सरदेसाईंबरोबर त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींचा इंग्रजी ग्रंथ केला, तो विद्यापीठाने 2002 साली काढला. कासवर मिळणाऱ्या वायतुऱ्याच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी 1982 साली साताऱ्याचंच नाव दिलं. सांगायचं काय, की आपल्या दाराशी काय आहे हे सांगणारी माणसं आपल्याच गावात आहेत. चार फुलं नावानिशी ओळखता यायला लागली की पठार वेगळंच दिसतं.

आता गावाविषयी. पठार रिकामं दिसतं, पण ते कुणाचं तरी चरायचं रान असतं. खालच्या वाडीतल्या बायका तिथून गवत आणतात, पोरं गुरं राखतात. काही वर्षांपूर्वी कासला गर्दी आवरायला लोखंडी जाळीचं कुंपण घातलं होतं. पुढे गुरं वर येईनाशी झाली, रानातल्या जनावरांच्या वाटा अडल्या, गवत माजून फुलं कमी झाली अशी ओरड अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी केली, आणि ती जाळी काढावी लागली. जपानलाही हे चुकलेलं नाही. फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको नावाचं गाव आहे. फोटोसाठी लोक रस्त्यात धावायचे, कचरा टाकायचे, दुसऱ्यांच्या आवारात गाड्या लावायचे. शेवटी 2024 च्या मे महिन्यात गावाने एका दुकानासमोर अडीच मीटर उंच काळा पडदा लावून पर्वतच झाकून टाकला. पाहुण्यांनी ताळतंत्र सोडलं की यजमान दार लावतो, मग ते गाव कुठलंही असो.

म्हणून वाडीत शिरताना गाडीतली गाणी बंद कर. शेताच्या बांधावर गाडी लावायची तर विचारून लाव. घरापुढे बसलेल्या मावशींना ‘तुम्ही किती नशीबवान, रोज हे बघायला मिळतं’ असलं काही म्हणू नकोस. पावसाळ्यात चार महिने धुक्यात काढणं, ओल्या सरपणावर चूल पेटवणं आणि दुखणेकरी माणसाला घाट उतरून खाली नेणं काय असतं हे त्यांना विचार, मग बोल. जेवण वाडीतच घे. आधी निरोप दिलास तर पिठलं-भाकरी, ठेचा आणि ताक मिळेल. मागतील ते पैसे दे. घरून न्यायचं तर भडंग आणि दशम्या डब्यात ने. वेष्टणांचा पसारा नको, आणि नेलेलं सगळं परत आण, केळीची सालंसुद्धा.

फोटोचं एकच सांगते. काढ, भरपूर काढ, पण वाटेवर उभी राहून काढ. फुलांत लोळून, फुलं तोडून केसांत माळून काढलेला फोटो मला पाठवू नकोस. मसाईचा फोटो टाकलास तर नेमकी जागा लिहू नकोस. एका रीलने काय होतं ते कासने बघितलंय, आणि मसाईवर शिट्टी मारणारी पोरं नाहीत. हे पठार सरकारने संवर्धनासाठी राखीव केलंय हे चांगलंच झालं. आपल्याच जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडे बॉक्साइटसाठी अशीच पठारं खरवडली गेली. तिथे खाण संपल्यावर झाडं लावता येतात, पण हजारो वर्षांत जमलेला तो दोन इंचांचा थर आणि त्यातली फुलं लावता येत नाहीत.

आणि चैत्रात तुझं मन पुन्हा जपानकडे धावेल, तेव्हा मला फोन कर. त्या दिवसांत आंबोली-राधानगरीच्या रानात अंजनी निळीजांभळी होते. ती मात्र झाडावर फुलते, तिच्याखाली खुशाल बस.

एक शेवटचं, आणि हे जरा मनावर घे. आईला अजून सांगितलं नाहीस म्हणतेस, ‘ती नाही म्हणेल’ म्हणून. लपवायचं कशाला? बरोबर घेऊन जा. आपल्या आया आयुष्यभर बाहेर पडल्या त्या देवाला, लग्नाला नाहीतर दवाखान्यात. नुसती फुलं बघायला म्हणून त्यांना कुणी नेलंच नाही. मसाईवर देवी आहे. देवीला जाऊ म्हटलंस की ती नऊवारी सावरत तुझ्या आधी गाडीत बसेल. आणि तेरडा, कवळा, चवर ही तुला भिंगातून शिकावी लागणारी नावं तिला लहानपणापासून तोंडपाठ आहेत. कवळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कशी करायची तेही तीच सांगेल. त्या दिवसांत पक्ष पंधरवडा आला तर घरात कार्यही नसतं. म्हाळाचा एक दिवस सोडला तर तिलाही मोकळीक असते. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरेल, तर पठारापर्यंत गाडी ने आणि वरच्या सपाटीवर तिला सावकाश चालव.

तिला आज रात्रीच विचार. मैत्रिणींना सांग की चौघींच्या पाचजणी झालो. आणि उत्तरा लागल्यावर कुठला मंगळवार धरताय ते मला कळव, सुट्टी मिळाली तर मीही येते.